हनुवटी डाव्या खांद्यात

माझ्या बापाचा तरुणपणातला एकही धड फोटो आमच्या घरात नाही. लग्नाच्या फोटोत आई कॅमेऱ्याकडे बघतेय आणि बाबा तिच्या कानात काहीतरी सांगत असल्यासारखे वळलेत. मी वर्षाची असतानाच्या फोटोत मी त्यांच्या कडेवर आहे आणि त्यांचं तोंड माझ्या झबल्यामागे गेलंय. फोटोवाल्याने कॅमेरा उचलला की बाबांची मान आपोआप फिरायची, दार आपटल्यावर डोळे मिटतात तशी. आई म्हणायची, "माझं लग्न एका पाठीशी लागलंय. पाठ चांगली आहे, नाव ठेवायला जागा नाही. पण बाईमाणसाला कधीतरी पुढची बाजूही बघावीशी वाटते." आम्ही हसायचो. बाबाही हसायचे, पण भिंतीकडे बघून.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निदान आम्हाला तसं वाटायचं. बाबा सिनेमात डुप्लिकेट होते. नायकाचे कपडे घालायचे, नायकाचा टोप चढवायचा, आणि नायकाला जिथून पडायचं असेल तिथून आपण पडायचं. नायक आधी येऊन उभा राहतो, दात दाखवतो, बाजूला होतो. मग डुप्लिकेट येऊन हाडं मोडून घेतो. मग नायक परत येतो आणि कपाळावरचा घाम पुसतो. तो घामसुद्धा बाटलीतला. या धंद्यात एकच नियम, आणि तो बाबांनी मला अक्षरांच्या आधी शिकवला होता: तोंड दिसता कामा नये. तलवार उजव्या हातात, कॅमेरा उजवीकडे, म्हणून हनुवटी डाव्या खांद्यात. घोडा उधळू दे, छत कोसळू दे, हनुवटी डाव्या खांद्यात. पाठ द्यायची.

त्यांचा शेवटचा सिनेमा तलवारींचा होता, एका जाडजूड फ्रेंच कादंबरीवरून काढलेला. काकाने मेलेला म्हणून जाहीर केलेला सरदारपुत्र परत येतो, अर्धा सिनेमा भिंतींवरून उड्या मारतो आणि शेवटी घंटेच्या मनोऱ्यावर काकाशी लढून दोराला लोंबकळत खाली झेपावतो. टोप्यांना लांब पिसं हवी होती, ती कोंबड्यांची आणून रंगवली होती. घामाने रंग सुटला की शूर सरदारांच्या गालांवरून निळे ओघळ यायचे. हे सगळं बाबा रंगवून सांगायचे. उडीपर्यंत आले की थांबायचे आणि चप्पल शोधायला लागायचे.

कादंबरीचं भाषांतर आमच्या घरी होतं. मी ते दोनदा वाचलंय. मूळ गोष्टीत मनोऱ्यावरून सरदारपुत्र उडी मारतच नाही. त्याचा नोकर मालकाचा झगा अंगावर घेऊन उडी मारतो, शिपाई त्याच्यामागे धावतात आणि मालक मागच्या दाराने सटकतो. सातशे पानांत घोड्याला नाव आहे, त्या नोकराला नाही. सिनेमावाल्यांनी तर नोकरच काढून टाकला. नोकराचं काम नायकाला दिलं आणि नायकाचं काम माझ्या बापाला.

दोराचा आकडा निसटला. बाबा तीन माणसांच्या उंचीवरून दगडी पायरीवर आले. खुबा मोडला. शॉट मात्र सिनेमात तसाच ठेवला, कारण तसली पडझड पुन्हा कोण करून दाखवणार? सिनेमा धो धो चालला. नायकाचा देव झाला. बाबा बिस्किटांच्या कारखान्याच्या फाटकावर स्टूल टाकून बसले, त्याच वर्षी लग्न केलं, आणि तीस वर्षं आत-बाहेर करणाऱ्यांचे पास बघत राहिले. सिनेमा त्यांनी कधी पाहिला नाही. पुढे त्याच्या प्रती विरल्या, मूळ निगेटिव्ह गोदामात चिकटून त्याची वडी झाली, आणि सिनेमा फक्त म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरला.

मी नववी नापास. जे येतं ते हाताने शिकलेय. जुन्या फिल्मा दुरुस्त करण्याच्या एका जागी मी सव्वीस वर्षं आहे. लांब खोली, खिडक्यांना काळे पडदे, चार टेबलं, प्रत्येक टेबलात खालून उजेड येणारी काच. डाव्या चक्रीवरून फिल्म उजवीवर घ्यायची, पांढरे हातमोजे घालून तिची कड बोटांतून सोडायची. फाटलं तर बोटाला कळतं. तुटलेलं जोडायचं, कुजलेलं कापायचं. मला सगळे 'कात्री' म्हणतात. आमच्याकडे एकच कडक नियम: टेबलाजवळ पाणी आणायचं नाही. फिल्मवरचं चित्र म्हणजे सरसासारखा एक पातळ थर असतो. पाणी लागलं की तो फुगतो, मऊ होतो, आणि बोट फिरलं तर माणसं, राजवाडे, चुंबनं सगळं लगद्यासारखं निघून येतं. खाली उरतं कोरं प्लास्टिक.

तर एका बंद पडलेल्या थिएटरच्या पडद्यामागे नऊ डबे सापडले. त्या सिनेमाची जगातली एकुलती एक प्रत. ती आमच्याकडे आली आणि माझ्याच टेबलावर आली. झाकण उघडलं तर आंबूस वास डोळ्यांत गेला.

उडी आठव्या डब्यात होती. दोर सुटतो, झगा फुलतो, टोपी उडते. आणि मग तो खाली येणारा माणूस मान वर करतो. सरळ कॅमेऱ्यात बघतो. अकरा फ्रेम. पडद्यावर अर्धा सेकंदही नाही, थिएटरात बसलेल्याला कळलंही नसेल. पण माझ्यासमोर काचेवर ती अकरा चित्रं एकाखाली एक थांबलेली होती आणि भिंगातून माझा बाप माझ्याकडे बघत होता. अठ्ठावीस वर्षांचा. माझ्यासारख्याच जाड भुवया. तोंड उघडं. माझ्या मुलापेक्षा लहान दिसत होता.

मी हातमोजे काढले आणि खुर्चीवर बसून राहिले. आईने जन्मभर मागितलेली पुढची बाजू होती ती. आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते खिडकीपाशी चहा घेत होते.

"बाबा, तुमचा सिनेमा सापडला."

कप अर्ध्यात थांबला. "कुठला?"

"तलवारीचा. माझ्याच टेबलावर आहे."

"उडी आहे त्यात?"

"आहे की."

"किती दिसतं?"

"सगळं दिसतं बाबा! लख्ख दिसतं."

त्यांनी कप खाली ठेवला. बशी चुकली, चहा सांडला. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दाढी करताना आरशाला पाठ करून करत होते. मला वाटलं, आनंद पेलत नाहीये म्हाताऱ्याला. मी त्याला आनंद समजले. त्या समजण्याची मला आजही चीड येते.

आमच्या जागेच्या प्रमुख बाई. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणतात. सकाळी त्यांना काचेपाशी आणलं. त्यांनी भिंग लावलं.

"अरे देवा. हा कोण?"

"माझे वडील."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पुन्हा भिंगात. "भुवया तुझ्याच गं. पण कात्री, हा दोष आहे. नायक उडी मारतोय आणि मध्येच भलत्याच माणसाचं तोंड. हे दुरुस्त करावं लागेल."

"भलता माणूस तो नाही, बाई. भलता तो नायक. उडी यांनी मारलीय."

"ते मला कळतं. सिनेमाला कळत नाही."

पलीकडच्या टेबलावर रंगारी होता. कॉम्प्युटरवर ओरखडे पुसणारा, चित्रात चित्र भरणारा आमचा पोरगेला माणूस; दोन मुलांचा बाप, पण पोरगेलाच. तो म्हणाला, "तीन दिवसांचं काम आहे. याचं तोंड काढून नायकाचं बसवतो. जावयाला घरात घेतात तसं, सांधासुद्धा दिसणार नाही."

"तुझ्या बापाचं तोंड बसव ना तिथे," मी म्हटलं.

"माझ्या बापाचं बसवलं तर सिनेमाच पळून जाईल, कात्री."

सगळे हसले. मीही हसले असेन. मग मी बाईंना म्हटलं, तोंड राहू द्या, आणि नावांच्या यादीत शेवटी त्यांचं नाव घाला. एवढंच. बाई म्हणाल्या, आपण दुरुस्ती करणारी माणसं, मालक नाही. मालक नायकच होता. सिनेमाचे हक्क त्याने कधीच घेऊन ठेवले होते. आणि तो गुरुवारी येणार होता.

आला. काठी, काळे केलेले केस, सोबत दोन माणसं. म्हातारा वाईट नव्हता, हेच वाईट. मला म्हणाला, "बस बाळ, बस, उभी का?" मी त्याला आठवा डबा दाखवला. त्याने वाकून बराच वेळ पाहिलं.

"हे माझे वडील," मी म्हटलं. "खुबा मोडला त्यांचा. अजून लंगडतात. आहेत, जिवंत आहेत. इथून अर्ध्या तासावर."

"मला आठवत नाही बाळ," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. "मला ती उडी आठवते. वारा आठवतो. इथे लागलं होतं." त्याने विजार वर करून गुडघा दाखवला. तिथे खरंच एक व्रण होता; कुठल्या जिन्यावरून पडला असेल देव जाणे. शेहेचाळीस वर्षं लोकांनी सांगितलं की तू उडी मारलीस, तर याच्या गुडघ्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. आयत्या बिळावरच्या नागोबाला शेवटी वाटतं की बीळ आपणच उकरलंय.

"साहेब, अर्धा सेकंद आहे फक्त."

"लोकांनी मला पडताना पाहिलंय, बाळ. ते रडलेत त्या जागी. आता त्यांना काय सांगू? ते रडणं खोटं होतं?"

"त्यांचा खुबा शेकताना माझी आई रडायची. ते खोटं होतं का?"

नायकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झटकला नाही, याचीही चीड येते. जाताना दारात तो बाईंना हळू आवाजात म्हणाला, "दुरुस्त झालं की ही प्रत माझ्या घरी पाठवा. तो तुकडा इकडेतिकडे राहायला नको." बाईंनी मान हलवली.

म्हणजे कॉम्प्युटरमध्ये नायकाचं तोंड बसणार, आणि मूळ तुकडा त्याच्या घरच्या शेगडीत जाणार. जगात माझ्या बापाचं तरुण तोंड अकरा ठिकाणी होतं आणि ती अकराही ठिकाणं वीतभर लांबीत होती.

सोमवारी आठवा डबा कॉम्प्युटरमध्ये उतरवायचा होता. शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी कापलं. सव्वीस वर्षांत निरोगी फिल्मला मी कधी पातं लावलं नव्हतं. कुजलेलं कापताना हात हलका असतो. त्या दुपारी तो पाण्याने भरलेली बादली उचलल्यासारखा जड झाला. वर एक काप, खाली एक काप. दोन्ही टोकं जोडली. अकरा फ्रेम पाकिटात, पाकीट ब्लाऊजमध्ये. चोरी ती चोरीच, मी तिला दुसरं नाव देत नाही.

सोमवारी बाईंनी बोलावलं. मी जायच्या तयारीनेच गेले. माझा पेला आणि चष्म्याचं घर पिशवीत भरून ठेवलं होतं. रंगाऱ्याच्या पडद्यावर उडी चालू होती. दोर सुटला, झगा फुलला, टोपी उडाली, आणि धप्प, पायरीवर पाठमोरा माणूस. मधे एक बारीकसा हिसका. बस.

बाईंनी पुन्हा पाहिलं. पुन्हा. मग म्हणाल्या, "हे तू केलंस?"

"हो."

"अगं, मग आधीच का नाही केलंस? तोंड बसवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. हिसक्याने पडणं अजून जोरात वाटतं."

"माझे तीन दिवस वाचले," रंगारी म्हणाला. "कात्री, तुझे पाय धुऊन पाणी प्यायला पाहिजे."

बाई माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या, "मला माहीत आहे तुला काय वाटलं असेल. पण तू काम आधी बघितलंस." तुकड्याचं कोणी विचारलंच नाही. कापलेलं फेकतात, असाच सगळ्यांचा समज. मला शिव्या खायच्या होत्या हो. हाकलून लावायला हवं होतं मला. मी माझ्या बापाला सिनेमातून काढून टाकलं होतं, आणि त्याची मला शाबासकी मिळत होती.

तरी पाकीट होतं. तेवढ्यावर मी घर गाठलं. ऊन होतं. बाबा खिडकीपाशी, शेजारी स्टुलावर औषधाच्या गोळ्या आणि पाण्याचा पेला. मी पट्टी त्यांच्या हातात दिली, भिंग दिलं, म्हटलं, "उजेडाकडे धरा. तुमच्यासाठी आणलंय."

त्यांनी धरली. मग भिंग एकेका फ्रेमवरून खाली सरकवत नेलं.

"हे तसंच ठेवलं होतं त्यांनी?"

"हो. तुम्ही किती छान..."

"इतकी वर्षं लोकांनी हे बघितलं?"

"बाबा?"

"मी घाबरलो गं." ते पट्टीकडे बघूनच बोलत होते. "आकडा सुटला आणि मी वर बघितलं. दोर कोणी धरलाय का ते बघायला. नियम विसरलो. हनुवटी खांद्यात पाहिजे होती, मेलो असतो तरी खांद्यात पाहिजे होती. आम्हाला कामं देणारे तलवारमास्तर दवाखान्यात आले. मला वाटलं, विचारतील दुखतंय का. खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, हाड जुळेल रे, पण तोंड का दाखवलंस? शॉट नासवलास. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. खुब्यामुळे नाही. लंगड्यालासुद्धा कामं असतात तिथे, मढी व्हायची, म्हातारे व्हायचे. तोंड दाखवलं म्हणून नाही बोलावलं."

शेहेचाळीस वर्षं. आम्ही ज्याला सवय म्हणून हसलो ती लाज होती. तीन माणसांच्या उंचीवरून पडताना माणसाने वर बघितलं, कोणी धरलंय का म्हणून बघितलं, आणि त्या बघण्याबद्दल त्याला जन्मभर अपराधी करून ठेवलं. कोणी? एका मास्तराने एका वाक्यात. आणि तोही कोणाचा तरी नोकरच.

"बाबा, तुमची चूक नव्हती ती. आकडा त्यांचा होता. आकडा कोणी तपासला नव्हता!"

"आकडा त्यांचा. तोंड माझं." मग एकदम त्यांनी विचारलं, "आता सिनेमा लागेल त्यात हे आहे?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही. मी कापलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांचा चेहरा सैल पडला. इतका सैल मी तो कधी बघितला नव्हता. "गुणाची पोर," ते म्हणाले. "चहा टाक जरा."

मी चहा टाकायला गेले. रडायला गेले असं म्हणा. परत आले तेव्हा पट्टी पेल्यात होती. गुंडाळून, पाण्यात बुडवून ती बोटाने दाबून धरलेली, गोळी विरघळवतात तशी. बाबांना ही गोष्ट मीच कधीतरी सांगितली होती, कामावरची गंमत म्हणून: पाणी लागलं की चित्र निघतं. मी कप ठेवला. हात पुढे केला आणि मागे घेतला. कोणाचं होतं ते तोंड? माझं नव्हतं. त्यांनी पट्टी बाहेर काढली आणि अंगठ्याने, सावकाश, एक एक फ्रेम पुसली. काळा लगदा अंगठ्याला, धोतराला. भुवया गेल्या. उघडं तोंड गेलं. अकरावी पुसून झाल्यावर त्यांनी पट्टी उजेडाकडे धरून तपासली, फाटकावर पास तपासायचे तशी, आणि मला परत दिली. मी तिच्यातून पाहिलं. पलीकडे रस्ता दिसला, एक बाई कपडे झटकत होती.

"आता बघायला हरकत नाही," बाबा म्हणाले.

महिन्याभराने रविवारी दुपारी सिनेमा लागला. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. मी त्यांना धरून शेवटच्या रांगेत बसवलं. नायक स्टेजवर आला, लोक उभे राहिले, बाबाही खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत राहिले. आठव्या डब्यापाशी त्यांनी माझं मनगट पकडलं. दोर सुटला. झगा फुलला. टोपी उडाली. हिसका. पायरीवर पाठ.

सबंध थिएटर ओरडलं. पुढे कोणीतरी शिट्टी मारली.

बाबा माझ्या कानाशी वाकले. अंधारात त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त श्वास लागत होता.

"पाठ बघ," ते म्हणाले. "कशी दिलीय पाठ."